तीन दिवसांचा खाडा

ब्लॉगवर गेले तीन वीकेंड खाडा झाला. कारण नेहमीचंच, रिलीज. ‘पुढच्या शनिवारी नक्की’ असं स्वतःलाच सांगत तीन शनिवार गेले. पण आज ज्या खाड्याबद्दल लिहायला बसलोय तो माझा नाही. तो अठरा ग्रॅम वजनाच्या एका पक्षिणीचा आहे, आणि तिच्याकडे माझ्यापेक्षा बरंच सबळ कारण होतं.

गोष्ट २०२४ च्या एप्रिलमधली. तेव्हा मी नेदरलँड्सला ऑनसाईट होतो, आर्न्हेमजवळ. एकटाच. बायको पुण्यात, तिच्या नोकरीवर. ऑनसाईटला एकट्या माणसाचे वीकेंड कसे जातात ते ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. शनिवारी कपडे, भांडी आणि आठवड्याची डाळ, रविवारी उरलेली डाळ. माझ्या घराला लागून एका निवृत्त बाईंचं घर होतं. सत्तरी ओलांडलेल्या, पूर्वी शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. मी त्यांना मनातल्या मनात ‘डच आजी’ म्हणायचो. त्यांच्या बागेत भिंतीवर एक लाकडी पेटी टांगलेली होती आणि पेटीच्या छतात कॅमेरा. एकदा तो कॅमेरा नेटवर दिसेना म्हणून त्यांनी मला बोलावलं. (आपण सॉफ्टवेअरवाले म्हटलं की जगात कुठेही जा, शेजाऱ्यांचा राऊटर आपल्या गळ्यात पडतोच.) दहा मिनिटांचं काम होतं. मोबदल्यात कॉफी, एक बिस्किट (एकच! डच घर आहे ते) आणि कॅमेऱ्याची लिंक मिळाली.

पेटीत ग्रेट टिटची जोडी होती. चिमणीएवढा पक्षी. काळं डोकं, पांढरेशुभ्र गाल, पिवळं पोट आणि पोटावरून उभा काळा पट्टा, टाय घातल्यासारखा. डच लोक त्याला ‘कोलमेस’ म्हणतात, त्यातला ‘कोल’ म्हणजे कोळसा. आपल्याकडे याचा राखाडी भाऊबंद आहे. पूर्वी दोघांना एकाच जातीत धरायचे, आता वेगळे मानतात.

पहिलं अंडं ११ एप्रिलला दिसलं. मी लगेच लिंक बायकोला पाठवली. पुढे तिलाच जास्त नाद लागला. ही पक्षीण रोज पहाटे एक अंडं घालते, मग शेवाळ आणि केस त्यावर ओढून झाकून टाकते आणि खायला निघून जाते. म्हणजे मोजायची संधी फक्त त्या मधल्या काही क्षणांत. आर्न्हेमला उजाडतं तेव्हा पुण्यात सकाळचे दहा वाजून गेलेले असतात. बायको ऑफिसात स्टँडअप मीटिंगमध्ये उभी राहून टेबलाखाली फोनवर अंडी मोजायची. माझा अलार्म वाजायच्या आधी तिचा मेसेज येऊन पडलेला असायचा. ‘तीन.’ ‘चार.’ ‘पाच!’

सहावं अंडं १६ तारखेला आलं. आणि मग १७ ला काहीच नाही. १८ ला नाही. १९ ला नाही.

हवा कशी होती ते सांगतो. त्या वर्षी फेब्रुवारीपासूनच थंडीने काढता पाय घेतला होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तर लोक टी-शर्टवर कालव्याच्या काठाला बसून बिअर पीत होते. आणि महिन्याच्या मध्यावर एकदम हवा फिरली. सकाळी सायकलच्या सीटवर पांढरा थर, अधूनमधून गारा, हातमोजे पुन्हा बाहेर. मी आजींना विचारलं, मेली का हो ती? आजी हसल्या. म्हणाल्या, ‘अंडी थंडीत झोपतात. तीही थांबली आहे.’

हे ‘थांबली आहे’ माझ्या डोक्यात अडकलं. मग काय, रात्री डाळ गरम करत वाचायला लागलो.

आधी हिशोब बघा. एक अंडं साधारण १.६-१.७ ग्रॅमचं. आठ-नऊ अंडी म्हणजे चौदा-पंधरा ग्रॅम. म्हणजे आठ-नऊ दिवसांत ती जवळजवळ स्वतःच्या वजनाइतका माल बनवून बाहेर काढते! आणि गोदाम नाहीच. छोट्या पक्ष्यांना अंगात साठा करून ठेवणं परवडत नाही. अंड्याचा बराचसा कच्चा माल त्याच दिवसांत चोच घासून मिळवायचा. शिवाय रोज एक अंडं येतं म्हणून ते एका दिवसात तयार होतं असं नाही. एका अंड्यातला बलक भरायलाच काही दिवस लागतात, त्यामुळे तिच्या पोटात एका वेळी तीन-चार बलक वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात. आपल्या भाषेत, पाईपलाईन. थंडी पडली की दोन गोष्टी एकदम होतात. अंग गरम ठेवायलाच जास्त खाणं लागतं आणि किडे-कोळी गारठून दडल्यामुळे खाणं मिळतं कमी. पाईपलाईन अडते. आज जे अंडं आलं नाही त्याची कहाणी दोन-चार दिवसांपूर्वीच सुरू झालेली असते.

कवचाचं प्रकरण तर वेगळंच. त्याचं कॅल्शियमही साठ्यात फारसं नसतं, रोज वेचावं लागतं, मुख्यतः गोगलगायींच्या शंखांचे तुकडे. या वेलुवे भागातली माती आम्लपावसाने नासली, गोगलगायी कमी झाल्या आणि टिटांची अंडी पातळ कवचाची, फुटकी यायला लागली, हे डच संशोधकांनी १९९० च्या दशकात दाखवून दिलं. हे वाचताना मला माझी आजी आठवली. ती ऑम्लेटच्या अंड्यांची टरफलं चुलीजवळ वाळवून, चुरून कोंबड्यांनाच घालायची. लहानपणी मला ते फार क्रूर वाटायचं!

आता मूळ प्रश्न. इतकं महाग पडतं तर ही बाई गारठ्यात अंडी घालतेच कशाला? मे महिन्यात आरामात घालावी की.

उत्तर आहे अळी. विंटर मॉथ नावाचा एक पतंग असतो, त्याच्या अळ्या ओकच्या कोवळ्या पानांवर जगतात. पालवी फुटते तेव्हा त्या अंड्यातून निघतात, दोन-तीन आठवडे झाडावर नुसता सुकाळ असतो, मग त्या जमिनीत कोश करायला खाली उतरतात. संपला सीझन. टिटच्या पिल्लांची भूक साधारण दहाव्या दिवशी शिगेला पोचते. तो दिवस त्या सुकाळात पडायला हवा. उलटं मोजा. आठ-नऊ दिवस अंडी घालायला, तेराएक दिवस उबवायला, दहा दिवस पिल्लं वाढायला. म्हणजे पहिलं अंडं घालायचं ते सुकाळाच्या महिनाभर आधी, जेव्हा ओकवर पान नाही, अळी नाही, काहीच नाही. डेटा यायच्या आधी कमिट करायचं, आणि रोलबॅक नाही.

त्या शनिवारी मी डाळ लावली नाही. होगे वेलुवे राष्ट्रीय उद्यानात गेलो. दारातच फुकटच्या पांढऱ्या सायकली मिळतात. बहुतेक लोक त्या घेऊन थेट व्हॅन गॉखची चित्रं बघायला म्युझियमकडे जातात. मी झाडांवरच्या पेट्या बघत फिरलो. नंबर घातलेल्या साध्या लाकडी पेट्या. १९५५ पासून इथे दर वसंतात माणसं पेट्या उघडून पहिलं अंडं कधी, एकूण किती, किती पिल्लं उडाली, हे लिहून ठेवतायत. पिल्लांच्या पायात कडी घालतात, म्हणजे पुढच्या वर्षी कोण परत आलं तेही कळतं. असंच काम इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या वायटमच्या जंगलात १९४७ पासून चालू आहे. ते डेव्हिड लॅकने सुरू केलं. हा लॅक मूळचा शाळामास्तर. गालापागोसला जाऊन फिंच पक्षी बघून आला आणि मग त्याला एक प्रश्न पडला. पक्षी जितकी अंडी घालतो तितकीच का घालतो? त्याचं उत्तर असं की जास्तीत जास्त पिल्लं जगवता येतील तेवढीच. दहा घातली आणि सगळीच उपाशी राहिली तर काय उपयोग.

ऐकायला पटतं. पण वायटमची अनेक वर्षांची वही उघडल्यावर दिसलं की टिट सरासरी साडेआठ अंडी घालतात आणि नुसत्या सरासरीच्या हिशोबाने त्याहून जास्त घातली असती तर जास्त पिल्लं मागे राहिली असती. मग त्या हात आखडता का घेतात? १९८७ मध्ये बॉइस आणि पेरिन्स या दोघांनी म्हटलं की वाईट वर्षांमुळे. मोठं बिऱ्हाड चांगल्या वर्षी खूप देतं आणि वाईट वर्षी पार बुडवतं. जी थोडी कमी घालते ती दोन्ही वर्षांत टिकते. आमच्या टीममध्ये एस्टिमेट देताना जो बफर टाकतात तोच हा. फरक इतकाच की तिचा बफर कुठला मॅनेजर कापत नाही.

पण मला सगळ्यात आवडलं ते तापमानाचं दुहेरी काम. एकीकडे तापमान म्हणजे किंमत, थंडीत अंडं महाग पडतं. आणि दुसरीकडे तेच तापमान म्हणजे बातमी. ऊब वाढतेय म्हणजे पालवी लवकर फुटणार, अळ्या लवकर येणार. एकाच वायरवरून बिलही येतं आणि सिग्नलही! मग पक्षी उबदार वर्षी लवकर अंडी घालतात ते स्वस्त पडतं म्हणून की बातमी कळली म्हणून? मार्सेल व्हिसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी झकास प्रयोग केला. हवामान हवं तसं ठेवता येईल असे पिंजरे. काही जोड्यांना एका थंड वसंताचं तापमान, काहींना एका उबदार वसंताचं, आणि खाणं सगळ्यांना भरपूर. असं सहा वर्षं. उबेतल्या जोड्यांनी अंडी लवकर घातली. खाण्याची टंचाई नसतानाही. म्हणजे बातमी म्हणूनही ऊब पोचते. पुढे २०१२ मध्ये त्यांच्याच गटाने दाखवलं की पक्षी सरासरी तापमानापेक्षा तापमानाच्या चढाकडे लक्ष देतो. किती गरम आहे ते नाही, किती वेगाने गरम होतंय ते. बारावीत डेरिव्हेटिव्ह कशाला शिकायचं म्हणून कुरकुर केली होती, ती मी मागे घेतो.

आता गोची अशी. वसंत तापत चाललाय हे खरं, पण सगळे आठवडे सारखे तापत नाहीत. वेलुवेमध्ये १९७० नंतरच्या दोन-अडीच दशकांत वसंताचा उत्तरार्ध, ज्यात अळी वाढते तो, जास्त तापला. ज्या आठवड्यांत टिट निर्णय घेते ते तितके तापले नाहीत. अळ्या पुढे सरकल्या, अंडी जवळजवळ जागच्या जागी राहिली. १९९८ मध्ये व्हिसरने हे छापलं. वायटममध्ये मात्र उलट घडलं. १९६१ ते २००७ या काळात तिथल्या टिट सुमारे चौदा दिवस लवकर अंडी घालायला लागल्या आणि अळ्यांच्या बरोबरीने राहिल्या. तोच पक्षी, तीच अळी, मध्ये फक्त एक समुद्र. पक्षिणीचं काही चुकलं नव्हतं. ज्या दोन गोष्टी नेहमी एकत्र सरकायच्या त्या वेलुवेत सुट्या झाल्या. आणि लवकर घालणं म्हणजे आणखी थंडीत घालणं, ते बिल तर आहेच.

गंमत म्हणजे वेलुवेतली टिटांची संख्या तरीही कोसळली नाही. कमी पिल्लं उडाली तर उडालेल्यांना हिवाळ्यात स्पर्धा कमी, म्हणून त्यातली जास्त जगली. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. जंगलाच्या दृष्टीने हिशोब जुळला. ज्या पेटीतली पिल्लं गेली त्या पेटीतल्या आईला या सरासरीचं काय, ते मला माहीत नाही.

हे सगळं मी रविवारी बायकोला व्हिडिओ कॉलवर उत्साहात सांगत होतो. इथे एक पार्श्वभूमी सांगायला हवी. त्याच महिन्यात मला तीन वर्षांचं लोकल कॉन्ट्रॅक्ट देऊ केलं होतं. उत्तर ३० एप्रिलपर्यंत. बायकोचं पुण्यात प्रमोशन तोंडावर होतं. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि मूल हा विषय आम्ही ‘सगळं सेट झालं की’ या फोल्डरमध्ये टाकून ठेवला होता. माझी आई दर फोनला तो फोल्डर उघडायची. ‘अरे, आमचे हातपाय चालतायत तोवर...’ वगैरे. मी माझ्या एक्सेलमध्ये तिकडचा पगार, इकडचा पगार, टॅक्स, घराचं भाडं असे कॉलम केले होते. बायकोने तिकडे यायचं, दोनेक वर्षं ब्रेक घ्यायचा, मूल तिकडेच. माझ्या मते ऑप्टिमल. कॉलम सगळे हिरवे.

तर मी तिला व्हिसर आणि केट लेसेल्स यांचा २००१ चा प्रयोग सांगत होतो. त्यांनी काही टिटांच्या घरट्यात दोन पिल्लं जास्तीची ठेवली, म्हणजे त्यांना फक्त वाढवायचा खर्च. काहींच्या घरट्यात दोन अंडी जास्तीची, म्हणजे उबवायचं आणि वाढवायचं. आणि काहींची सुरुवातीची अंडी काढून घेतली, त्यामुळे त्यांनी स्वतःच दोनेक अंडी जास्त घातली. मग सगळा खर्च त्यांच्याच अंगावर. पिल्लं सगळ्यांकडे सारखीच जास्त. पण ज्यांनी अंडीही स्वतः घातली त्यांचं एकूण सगळ्यात वाईट झालं. कारण त्यातल्या माद्या पुढच्या वर्षापर्यंत कमी टिकल्या.

बायको जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘म्हणजे बिल कुणाच्या नावावर फाटतं ते शास्त्रज्ञांनी मोजलं.’

मी म्हटलं, ‘हो, म्हणजे... पक्ष्यांमध्ये.’

‘तुझ्या एक्सेलमध्ये तो कॉलम आहे?’

नव्हता. मी ‘अगं, पण’ करून काहीतरी बोलायला गेलो. बहुधा असं की ती टिट बघ, हवा पक्की व्हायची वाट बघत बसत नाही, योग्य वेळ कधी येतच नसते. हे वाक्य मला फार हुशार वाटत होतं. ती म्हणाली, ‘ती थांबलीय ना पण? तीन दिवस थांबलीय. आणि तिला थांब किंवा घाल म्हणून नर सांगायला आला नव्हता.’ मग तिच्या आईचा फोन आला म्हणून तिने कट केला. खरंच आला होता का, मी अजून विचारलेलं नाही.

त्या रात्री मी एक्सेल उघडलं आणि कॉलमला नाव काय द्यावं याचा अर्धा तास विचार केला. नाव सुचलं नाही. फाईल बंद केली.

२० तारखेला सातवं अंडं आलं. थंडी होतीच, पण नर दिवसभर तिला चोचीतून काहीतरी आणून भरवताना दिसत होता. आजी म्हणाल्या, आता त्याचं हेच काम. २१ ला गॅप, २२ ला आठवं. मग ती बसली. इथे अजून एक बारकावा आहे. अंडी साधारण पंचवीस अंशांच्या खाली राहिली की आतली वाढ सुरूच होत नाही. त्यामुळे पहिली सहा अंडी तशीच झोपून राहिली, आजी म्हणाल्या होत्या तशी, आणि ती बसल्यावर सगळी जवळजवळ एकदम जागी झाली. हा तिच्या हातातला दुसरा स्क्रू. घाई असेल तर सगळी अंडी व्हायच्या आधीच उबवायला बसायचं. मग काही पिल्लं आधी निघतात, काही मागून, आणि मागून आलेली घासाघाशीत मागेच राहतात. म्हणजे तिथेही फुकट काही नाही.

३० तारखेला मी ऑफिसात सांगितलं की तीन वर्षं नाही, सहा महिने राहतो. मॅनेजरने कारण विचारलं. ‘पर्सनल’ म्हटलं. टिट म्हटलं असतं तर एच.आर.कडे पाठवलं असतं.

आठातली सात पिल्लं मेच्या पहिल्या आठवड्यात निघाली. एक अंडं तसंच राहिलं. आईबाप दिवसभर अळ्या आणत होते, हिरव्या, लोंबत्या. दोन पिल्लं मधल्या पावसाळी आठवड्यात गेली. एकाला बायकोने ‘धाकटं’ असं नाव ठेवलं होतं, तेही त्यात होतं. त्या दिवशी तिचा मेसेज आला नाही. २५ मेच्या सकाळी पाच जणं एकामागून एक भोकातून बाहेर उडाली. दहा मिनिटांत पेटी रिकामी. शेवाळात ते न फुटलेलं अंडं तेवढं दिसत होतं. शरद ऋतूत आजींनी पेटी धुतली तेव्हा मीच शिडी धरली होती.

नोव्हेंबरात मी पुण्यात परत आलो. आमचं दोघांचं पुढे काय ठरलं ते इथे लिहिणार नाही. एक तर बायको हा ब्लॉग वाचते, आणि दुसरं म्हणजे आईलाही आता वाचायला येतो. एवढंच सांगतो की एक्सेल आता शेअर्ड आहे, आणि तो कॉलम तिने भरलाय. त्यात आकडे नाहीत, परिच्छेद आहेत.

आजी लिंक अजून चालू ठेवतात. मधे एकदा बंद पडली होती, मी इथून रिमोटने दुरुस्त केली. या एप्रिलमध्ये एका सकाळी मी पोहे परतत होतो आणि बायको डायनिंग टेबलावर फोन घेऊन बसली होती.

‘चार,’ ती म्हणाली.

‘काल किती होती?’

‘चारच.’

मी गॅस बारीक केला आणि आर्न्हेमचं तापमान बघितलं. तीन अंश.